मागे दिसणारं वीजकेंद्र

डेरेक जार्मनच्या बागेचे जे फोटो जगभर फिरतात, त्यातल्या बहुतेकांची मांडणी एकच असते. पुढे गोटे. गोट्यांच्या वर्तुळात खसखशीचं एखादं लाल फूल, एखादी गंजलेली साखळी, समुद्रानं किनाऱ्यावर टाकलेला आणि कुणीतरी उभा रोवलेला ओंडका. मध्ये डांबर फासलेलं काळं लाकडी घर, त्याच्या खिडक्यांच्या चौकटी पिवळ्याधमक. आणि मागे क्षितिजावर करडं, ठोकळ्यासारखं अणुवीजकेंद्र. फोटोखालच्या मजकुराचा सूरही ठरलेला असतो: मृत्यूच्या सावलीत फुललेली बाग, यंत्रयुगासमोर ताठ उभा राहिलेला निसर्ग.

हे फोटो मला आवडतात. पण त्यांच्यावरून त्या बागेचा जो अर्थ लावला जातो तो मला पटत नाही, आणि का पटत नाही हे जार्मननंच लिहिलेल्या एका पुस्तकाच्या आधारे सांगायचा हा प्रयत्न आहे.

जार्मन (१९४२–१९९४) हा ब्रिटिश चित्रकार आणि चित्रपट दिग्दर्शक. आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांच्या प्रेक्षकांना त्याचा ‘कॅराव्हॅजिओ’ (१९८६) ठाऊक असेल. किंवा ‘ब्लू’ (१९९३), ज्यात ७९ मिनिटं पडद्यावर फक्त एक निळा रंग असतो आणि दृष्टी गमावत चाललेल्या माणसाचं निवेदन आपण ऐकत राहतो. या दोन चित्रपटांच्या मधल्या काळात त्यानं इंग्लंडच्या आग्नेय टोकाला, केंट परगण्यात, डंजनेस नावाच्या भूशिरावर कोळ्याचं जुनं घर घेतलं, त्याभोवती बाग केली आणि रोजनिशी लिहिली. १ जानेवारी १९८९ ला सुरू होणारी आणि १९९० च्या सप्टेंबरपर्यंत चालणारी ही रोजनिशी १९९१ मध्ये ‘मॉडर्न नेचर’ या नावानं प्रसिद्ध झाली.

फोटोंना बाग आणि वीजकेंद्र यांच्यात जो झगडा हवा असतो, तो या पुस्तकात जवळजवळ नाही. तो नसणं हेच पुस्तकाचं मोठेपण आहे, असं मला वाटतं. मात्र त्याच कारणानं पुस्तकातून एक मोठी गोष्ट निसटलेली आहे. तिच्याकडे मी शेवटी येईन.

*

आधी जागा. डंजनेसला मी कधी गेलेली नाही; नकाशे, फोटो, चित्रपट आणि पुस्तकं यांतूनच ती जागा मला माहीत आहे. पण जितकं वाचलं तितकं एक लक्षात येत गेलं, की तिथे निसर्ग कुठे संपतो आणि कारखाना कुठे सुरू होतो ही रेघ ओढणं फार अवघड आहे.

डंजनेस म्हणजे लाटांनी हजारो वर्षं आणून टाकलेल्या गोट्यांचं, इंग्लिश खाडीत घुसलेलं नाक. गोट्यांचा एवढा मोठा पट्टा युरोपात फार थोड्या ठिकाणी आहे. हे नाक स्थिर नाही. दक्षिणेकडच्या बाजूला समुद्र गोटे खातो आणि वळसा घालून पूर्वेच्या बाजूला नेऊन टाकतो. म्हणजे जमीन एका अंगानं झिजते आणि दुसऱ्या अंगानं वाढते. १९६० च्या दशकात अणुवीजकेंद्र उभारलं गेलं ते नेमकं झिजणाऱ्या बाजूला. त्यामुळे पूर्वेला साठलेले गोटे ट्रकमध्ये भरायचे आणि दक्षिणेला नेऊन ओतायचे, हे काम तिथे दशकानुदशकं चालत आलं आहे. समुद्र गोटे पूर्वेला नेतो, ट्रक परत आणतात. त्या किनाऱ्याचा आकार समुद्रानं ठरवला की ट्रकनं, हे आता वेगळं करून सांगता येणार नाही.

दीपगृहाची गोष्ट तर आणखी गमतीची. जमीन समुद्रात सरकत गेली तसतशी तिथली दीपगृहं मागे पडत गेली आणि नवी बांधावी लागली. १९०४ चं दीपगृह मात्र समुद्रामुळे बाद झालं नाही. वीजकेंद्राच्या इमारतीनं त्याचा उजेड अडवला, म्हणून १९६१ मध्ये नवं दीपगृह आलं. जुनं अजून उभं आहे.

पक्ष्यांचंही तेच. डंजनेसला ब्रिटनच्या पक्षी संरक्षण संस्थेचं जुनं राखीव क्षेत्र आहे. तिथले तलाव मुळात बांधकामासाठी खडी काढल्यामुळे पडलेले खड्डे आहेत. त्यांत पाणी भरलं आणि पाणपक्षी आले. किनाऱ्याजवळ समुद्रात ‘द पॅच’ नावाची एक जागा पक्षी-निरीक्षकांत प्रसिद्ध आहे. वीजकेंद्रातलं गरम पाणी आणि सांडपाणी तिथे नळांतून समुद्रात सोडलं जाई. त्यामुळे तिथल्या पाण्यात खाद्य वाढे आणि कुरव, सुरय यांचे थवे उतरत. गळ टाकणारेही तिथेच जमत. अणुभट्टी आणि सुरय यांना एकमेकांचे शत्रू म्हणून फोटोत उभं करणं सोपं आहे. सुरय मात्र अणुभट्टीच्या पाण्यात जेवत होते.

या जागेला ‘ब्रिटनचं एकमेव वाळवंट’ म्हणायची पद्धत आहे. जार्मनसुद्धा तिला दगडी वाळवंट म्हणतो. ब्रिटनच्या हवामान खात्यानं ही पदवी नाकारली आहे, कारण तिथे वाळवंटाच्या व्याख्येपेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडतो. शिवाय या ‘वाळवंटा’त ६०० हून अधिक जातींच्या वनस्पती सापडतात, म्हणजे सबंध ब्रिटनमधल्या जातींच्या सुमारे एक तृतीयांश. पण ‘वाळवंट’ हा शब्द सुटत नाही, कारण गोष्टीला तो हवा असतो. आधी ओसाड जागा, मग तिथे आलेला दुःखी कलावंत, मग फूल. ओसाडपण काढून घेतलं तर चमत्कार उरत नाही.

*

जार्मनला एचआयव्हीची लागण झाल्याचं निदान १९८६ च्या डिसेंबरात झालं. त्याच सुमारास वडील वारले होते. त्यांच्याकडून आलेल्या पैशांतून त्यानं ‘प्रॉस्पेक्ट कॉटेज’ नावाचं हे घर घेतलं. बाग करायचं ठरवून तो तिथे गेला नव्हता. किनाऱ्यावर सापडलेलं एक लाकूड त्यानं एका रानगुलाबाला आधार म्हणून रोवलं, त्याभोवती गोटे मांडले, आणि तिथून ती वाढत गेली. गोट्यांत खड्डा करायचा, त्यात शेणखत भरायचं, वर पुन्हा गोटे लोटायचे, असं ते काम. सी-केल ही कोबीच्या कुळातली, जाड निळसर पानांची वनस्पती तिथे आपोआप उगवते. तिच्याशेजारी त्यानं लॅव्हेंडर, झेंडू, खसखस लावली. त्यांच्यामध्ये गंजकं लोखंड उभं केलं: साखळ्या, नांगर, दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्यावर काटेरी तार ताणण्यासाठी वापरलेल्या पिळाच्या सळ्या. बागेला कुंपण नव्हतं, आजही नाही. ती कुठे संपते आणि किनारा कुठे सुरू होतो हे तिथे उभ्या असलेल्या माणसालाही सांगता येत नाही म्हणतात.

पुस्तकाच्या नावामागे एक किस्सा आहे आणि तो पुस्तकातच येतो. जार्मननं चित्रकार मॅगी हॅम्ब्लिंगला आपल्या बागेच्या नादाबद्दल सांगितलं. अखेर तुला निसर्ग सापडला तर, अशा अर्थाचं ती काहीतरी म्हणाली. अगदी तसं नाही, असं तो म्हणाला. त्यावर तिनं दुरुस्ती केली, की तुला आधुनिक निसर्ग सापडलाय. गप्पांतली ही कोटी पुस्तकाचं शीर्षक झाली, आणि माझ्या मते त्याचा गाभाही.

आधुनिक निसर्ग म्हणजे काय? पुस्तकात याची व्याख्या नाही. त्यात नोंदी आहेत. आज काय फुललं, वारा कुठला होता, कुठली वनस्पती जुन्या वैद्यकाच्या ग्रंथांत कशावरचं औषध म्हणून सांगितली आहे, कोण भेटायला आलं, लंडनमध्ये काय झालं, कुठला मित्र गेला. बालपणीच्या आठवणी येतात: हवाई दलातले वडील, इटलीतल्या सरोवराकाठच्या घराची बाग, चौथ्या वर्षी भेट मिळालेलं फुलांचं पुस्तक. पुढेपुढे इस्पितळ येतं, क्षय येतो, औषधं येतात. वीजकेंद्र या सगळ्याच्या मध्ये अधूनमधून दिसतं, जसे वारा किंवा शेजारचे मासेमार दिसतात. त्याची भीती नाही असं नाही. चेर्नोबिल तेव्हा ताजं होतं आणि अणुभट्टीशेजारी राहणं म्हणजे काय हे त्याला कळत होतं. पण ती भीती पुस्तकाचा कणा होत नाही. मृत्यूनंतर १९९५ मध्ये आलेल्या बागेवरच्या त्याच्या छोट्या पुस्तकात तर तो रात्रीच्या, दिव्यांनी लखलखणाऱ्या वीजकेंद्राबद्दल उघड कौतुकानं लिहितो.

याचं एक कारण रोजनिशी या लेखनप्रकारातच आहे. जी वस्तू रोज दिसते तिचं प्रतीक करणं अवघड असतं. प्रतीकाला अंतर लागतं. ते एका भेटीत, एका फोटोत, एका दुपारी तयार होतं. जो माणूस सकाळी उठून त्याच दिशेला पाहतो, त्याला आज धुकं आहे म्हणून ते दिसत नाही, आज उजेड वेगळा आहे म्हणून जवळ आल्यासारखं वाटतं, हे दिसत राहतं. दोन वर्षांच्या नोंदींत वीजकेंद्र इतक्या रूपांत येतं, की त्यातलं कुठलंच एक रूप ‘मृत्यू’ किंवा ‘यंत्रयुग’ असं नाव घेऊन उभं राहू शकत नाही.

याची उलट बाजू पाहायची असेल तर त्याच काळात, त्याच जागेवर केलेला त्याचाच चित्रपट पाहावा. ‘द गार्डन’ (१९९०) मध्ये ख्रिस्ताच्या छळाची कथा दोन प्रेमी पुरुषांवर घडते. टिल्डा स्विंटन मेरीच्या रूपात येते आणि फोटोग्राफर तिच्या मागे लागतात. पोलीस त्या दोघांची विटंबना करतात. सुपर-एटवर चित्रित केलेलं आकाश भरधाव पळतं. बारा बायका टेबलाशी बसून काचेच्या पेल्यांच्या कडांवरून बोट फिरवतात आणि त्यातून उमटणारा सूर कानात बराच वेळ राहतो. असे काही तुकडे विलक्षण आहेत. जार्मन तेव्हा आजारी होता आणि समलैंगिक माणसांवर चहूबाजूंनी शिव्याशाप बरसत होते. चित्रपटातला संताप खरा आहे. पण तिथे डंजनेस हा वधस्तंभाचा माळ होतो. गोटे, झोपड्या, वीजकेंद्र, सगळंच नाटकाचं नेपथ्य होतं. जागेला स्वतःचं काही म्हणायचं उरत नाही. चित्रपट पाहून मी हललेच, पण डंजनेसबद्दल मला नवं काही कळलं नाही. रोजनिशीत मात्र एका झाडाच्या दोन ओळींच्या नोंदीतूनही कळतं.

*

पण केवळ लेखनप्रकार हे कारण पुरेसं नाही. रोजनिशी लिहिणारे पुष्कळ असतात आणि त्यांतले कित्येक रोजच प्रतीकं पाडतात. जार्मनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती सांगायला मला आपल्याकडचाच एक शब्द लागतो: सोवळं.

१९८७ मध्ये, निदानानंतर काही आठवड्यांतच, जार्मननं आपल्याला एचआयव्ही असल्याचं जाहीरपणे सांगितलं. तसं सांगणारी नामवंत माणसं तेव्हा ब्रिटनमध्ये बोटांवर मोजण्याइतकी होती. खपाऊ वर्तमानपत्रं एड्सला समलैंगिकांच्या पापाचं फळ म्हणत होती. १९८८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांना समलैंगिकतेचा ‘पुरस्कार’ करायला बंदी करणारं, ‘सेक्शन २८’ म्हणून ओळखलं जाणारं कलम आलं. अशा काळात एचआयव्ही घेऊन जगणारा माणूस लोकांच्या नजरेत आजारी तर होताच, शिवाय विटाळलेलाही होता. त्याचा पेला वेगळा ठेवावा, त्याला शिवू नये, त्याच्या घरी मुलांना नेऊ नये, ही भाषा मराठी माणसाला वेगळी समजावून सांगायला नको.

ज्याला जग ओवळं ठरवतं आहे अशा माणसानं बाग करायला घेतली, आणि समोर किरणोत्सर्गी पदार्थ जाळणारं वीजकेंद्र होतं. दुसरा कोणी असता तर त्यानं सहज म्हटलं असतं: विष तिकडे आहे, माझ्या कुंपणाच्या आत शुद्ध, नितळ, मूळचा निसर्ग आहे. जार्मननं कुंपणच घातलं नाही. शुद्ध आणि अशुद्ध यांच्यात भिंत उभी करण्याचा खेळ कुणाच्या जिवावर खेळला जातो हे तो स्वतःच्या शरीरावर अनुभवत होता. म्हणून त्याच्या बागेत गंजकं लोखंड आणि गुलाब एकाच आळ्यात आहेत. तारेच्या सळीवर वेल चढते. दुकानातून आणलेलं रोप आपोआप उगवलेल्या सी-केलशेजारी बसतं आणि कुणी कुणाला परका म्हणत नाही.

मी या बागेला ‘आशेचं प्रतीक’ म्हणायचं टाळते ते म्हणूनच. आशा या शब्दात पुढे सगळं स्वच्छ होईल, आजार बरा होईल, भट्टी विझेल, असं काहीतरी गृहीत असतं. जार्मनला आपण बरे होणार नाही हे माहीत होतं. तेव्हा त्या आजारावर आजच्यासारखी औषधं नव्हती. १९ फेब्रुवारी १९९४ ला, ५२ व्या वर्षी, तो गेला. बाग त्यानं स्वच्छतेची वाट पाहत केलेली नाही. जसं आहे तसं, त्यातच केली.

मराठीत निसर्गावर लिहिलेलं आठवून पाहते तेव्हा दोन वेगळी कपाटं दिसतात. एका कपाटात दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ आहे, मारुती चितमपल्लींची अरण्यं आहेत. दुसऱ्यात नारायण सुर्व्यांचे गिरणी-कामगार आहेत. दोन्ही कपाटं श्रीमंत आहेत. पण त्यांच्यामध्ये दार फारसं नाही. पहिल्या कपाटातला निसर्ग पाहायचा तर गावाबाहेर, शहराबाहेर, अंघोळ करून गेल्यासारखं जावं लागतं. दुसऱ्या कपाटातल्या भोंग्याच्या वर जे आकाश आहे त्यातून कुठला पक्षी जातो हे आपल्याला कळत नाही. यात त्या लेखकांचा दोष नाही. त्यांनी आपापल्या जागी जे केलं ते थोरच आहे. पण ज्यांचा निसर्गच कारखान्याच्या भिंतीला लागून आहे अशा वाचकांना कुठल्या कपाटाकडे जावं हे कळत नाही. मी त्यांतली एक आहे.

*

माझे बाबा ट्रॉम्बेतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. ट्रॉम्बे हे एकेकाळचं बेट. भराव पडत जमिनीला जोडलं गेलं, आणि आता एका बाजूला ठाण्याची खाडी असलेलं भूशिरच आहे. १९५० च्या दशकात तिथे तेलशुद्धीकरण कारखाने आले, अणुसंशोधन केंद्र आलं, मग खत कारखाना, औष्णिक वीज. खाली खारफुटी, चिखल, कोळीवाडे. आणि गेली तीसेक वर्षं शिवडी-माहुलच्या चिखलपट्ट्यावर हिवाळ्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत उतरणारे हजारो फ्लेमिंगो. शहराच्या सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांवर इथलं शेवाळ वाढतं आणि त्यावर हे पक्षी जगतात, असं अभ्यासक सांगत आले आहेत. म्हणजे ‘द पॅच’चीच गोष्ट, फार मोठ्या प्रमाणावर. त्यांचे फोटोही तुम्ही पाहिले आहेत: पुढे गुलाबी पक्षी, मागे धुराडी.

‘मॉडर्न नेचर’ वाचताना मला हा किनारा आठवत राहिला, आणि त्याच आठवणीमुळे पुस्तकातली उणीवही दिसली. जार्मनच्या पानांवर मासेमार आहेत, पाहुणे आहेत, लंडनचे मित्र आहेत. वीजकेंद्रात काम करणारी माणसं मला जवळजवळ सापडली नाहीत. इतकी वर्षं ते केंद्र चालत होतं म्हणजे शेकडो माणसं पाळ्या बदलत होती, डबे नेत होती, त्याच रस्त्यानं घरी जात होती. रात्री जे दिवे जार्मनला सुंदर वाटले, त्यांच्याखाली कुणाची तरी रात्रपाळी चालू होती. वीजकेंद्राचं त्यानं प्रतीक केलं नाही हे खरं, पण त्याचं देखाव्यात रूपांतर केलं हेही खरं. देखाव्यात माणसं लागत नाहीत.

आणि देखाव्याचा एक धोका असतो, जो जार्मनला बहुधा दिसला नाही. ‘बघा, पक्षीसुद्धा येतात’ हे वाक्य उद्योगाच्या फार उपयोगाचं असतं. गरम पाण्यात सुरय जेवतात यातून एवढंच सिद्ध होतं की सुरयांना तिथे खाद्य मिळतं. ते पाणी सोडणाऱ्याला मिळालेलं प्रशस्तिपत्र नव्हे. ट्रॉम्बेत हा मुद्दा पुस्तकी नाही. माहुलच्या पुनर्वसन वसाहतीत शहरभरातून आणून ठेवलेल्या कुटुंबांनी तिथल्या हवेविरुद्ध वर्षानुवर्षं आंदोलन केलं, आणि तो प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या हवेत श्वास घेणारी माणसं फ्लेमिंगोंच्या फोटोत नसतात. २०१५ मध्ये खाडीचा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. दोन्ही गोष्टी चांगल्याच झाल्या. पण पक्ष्यांचं येणं ही माणसांच्या तब्येतीची खूण मानता येत नाही, आणि दोघांचा किनारा एकच आहे हे विसरताही येत नाही.

म्हणजे सोवळं नको हे जार्मनकडून शिकताना दुसरी एक गोष्ट त्याच्याशिवाय शिकावी लागते. शुद्ध-अशुद्धाची भिंत पाडली म्हणून हिशेब विचारणं संपत नाही. कुणाच्या वाट्याला फूल येतं, कुणाच्या वाट्याला धूर, कुणाच्या वाट्याला पगार, हे प्रश्न भिंत पडल्यावर अधिक स्पष्ट दिसायला हवेत. ‘मॉडर्न नेचर’ ते विचारत नाही. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाच्या रोजनिशीनं तेही करावं अशी अपेक्षा अन्यायाची होईल. पण तिच्यावर लिहिणाऱ्यांनी, तिचे फोटो काढणाऱ्यांनी, आणि आपल्या किनाऱ्यावर तशी नजर घेऊन येणाऱ्यांनी करायला हरकत नव्हती.

*

डंजनेसची पहिली दोन अणुभट्ट्यांची ‘ए’ शाखा २००६ च्या शेवटी बंद झाली. ‘बी’ शाखा २०१८ पासून ठप्प होती. ती पुन्हा सुरू होणार नाही असं २०२१ मध्ये जाहीर झालं. इंधन काढणं, उतरवणं, साफ करणं हे अनेक दशकांचं काम आहे. गरम पाण्याचा तो जुना लोट आता नाही. इकडे २०२० मध्ये लोकवर्गणी आणि देणग्यांतून ३५ लाख पौंड उभे राहिले आणि प्रॉस्पेक्ट कॉटेज कायमचं वाचलं. एका जागेची दोन्ही नावं बदलली: वीजकेंद्र आता बंद पडलेली वास्तू आहे आणि बाग जपलेला वारसा. फोटो मात्र पूर्वीसारखाच येतो, कारण इमारत अजून मागे उभी आहे. आणखी काही दशकांनी ती नसेल, तेव्हा लोक बागेचा अर्थ काय लावतील याची मला उत्सुकता आहे. विरोधाला समोर कोणी नसताना ही बाग कदाचित पहिल्यांदा नीट दिसेल.

बाबांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मध्यंतरी वर्तमानपत्रात शिवडीच्या फ्लेमिंगोंचा तसाच एक फोटो आला होता, तो मी त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला आणि आधी मागच्या धुराड्याकडे पाहिलं. टोकाला ज्योत होती. “प्लांट चालू आहे,” ते म्हणाले, “आणि वारा पश्चिमेचा आहे, बघ ज्योत कुठे वळलीय.” मग पक्ष्यांकडे पाहिलं. “पाणी नुकतं उतरलंय. अजून तासाभरानं आले असते तर हा फोटो मिळाला नसता, पक्षी आत गेले असते.”

मग मी त्यांना डंजनेसचा फोटो दाखवला, जार्मनची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. बाग त्यांना आवडली. गोट्यांत खड्डा करून शेणखत भरायची युक्ती तर फारच आवडली. थोड्या वेळानं त्यांनी फोटो पुन्हा मागून घेतला आणि मागच्या करड्या इमारतीवर बोट ठेवून विचारलं, “इथे तीन पाळ्या असायच्या का?”

मला माहीत नव्हतं. जार्मनच्या पुस्तकात ते नाही.